गंडमचे छोटे प्रसिद्धिपट : नव्या प्रेक्षकाने कुठून सुरुवात करावी

यूट्यूबवर 'गंडम' हे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांचं नाव शोधलं की मोठ्या मालिकांच्या आधी हमखास एखादा पाच-सात मिनिटांचा तुकडा समोर येतो. दोन अजस्र यंत्रमानव अंतराळात भिडतात, पायलट एकमेकांना नावाने हाका मारतात आणि कोणाचं कोणाशी काय वैर आहे ते कळायच्या आत व्हिडिओ संपतो. बरेच नवे प्रेक्षक इथेच बिचकतात. हा मालिकेचा भाग होता की चित्रपटाचा? आधीचं काही बघायला हवं होतं का? की नुसतीच जाहिरात?

उत्तर बहुतेक वेळा असं असतं: जाहिरातच आहे, पण मूळ मालिका बनवणाऱ्या स्टुडिओनेच जीव ओतून केलेली. गंडमच्या विश्वात असे डझनावारी प्रसिद्धिपट आहेत. ते कसे ओळखायचे, कुठल्या क्रमाने बघायचे आणि कुठे फसायला होतं, हे मी इथे पायरीपायरीने सांगतो. या छोट्या पटांवर माझा फार जीव आहे आणि चुकीच्या ठिकाणाहून सुरुवात करून कोणी त्यांना कंटाळावं असं मला वाटत नाही.

हाताशी काय काय हवं

- यूट्यूबवरची 'गंडमइन्फो' ही अधिकृत वाहिनी
- इंग्रजी सबटायटल्स वाचायची तयारी (मराठीत सध्या सोय नाही)
- एक वही किंवा मोबाइलमधली नोंद. यंत्राचं नाव, त्याचा क्रमांक आणि वर्ष, एवढंच लिहायचं
- मूळ मालिकेचे निदान तीन-चार भाग बघायला लागेल तेवढा वेळ
- या यंत्रांची प्लास्टिकची मॉडेलं जोडायची इच्छा झालीच तर एक चांगली बारीक पक्कड, म्हणजे निपर. तो लगेच घ्यायची गरज नाही

१. आधी काळ ओळखा

गंडम म्हणजे एकच सलग गोष्ट असं समजू नका. पहिली मालिका ७ एप्रिल १९७९ रोजी जपानमध्ये सुरू झाली, दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. तिथून पुढे जो काळ चालत आला त्याला 'युनिव्हर्सल सेंच्युरी' म्हणतात. 'झीटा गंडम' (१९८५), 'शार्स काउंटरअटॅक' हा चित्रपट (१९८८) आणि 'युनिकॉर्न' हे सगळं त्यातलंच. २००२ साली आलेल्या 'सीड'चा काळ वेगळा, त्याला 'कॉस्मिक इरा' म्हणतात. २०२२ च्या 'विच फ्रॉम मर्क्युरी'चा काळ आणखी वेगळा. आणि 'बिल्ड' नावाच्या मालिकांत तर युद्धच नाही. तिथली मुलं गंडमची प्लास्टिक मॉडेलं बनवतात आणि ती एकमेकांशी लढवतात.

समोर आलेला तुकडा यांपैकी कुठल्या घरातला, हे ओळखायची एक पक्की खूण म्हणजे यंत्राचा क्रमांक. आरएक्स किंवा एमएस अशा अक्षरांनी सुरू होणारा बहुधा युनिव्हर्सल सेंच्युरीतला. आरएक्स-७८-२ म्हणजे पहिला गंडम, आरएक्स-९३ म्हणजे न्यू गंडम ('न्यू' हे ग्रीक अक्षर, 'नवा' नव्हे), एमएसझेड-००६ म्हणजे झीटा. जीएटी-एक्स, झेडजीएमएफ किंवा एमबीएफ दिसलं की तो सीडच्या घरचा. प्रसिद्धिपटांच्या शीर्षकात हा क्रमांक पुष्कळदा असतोच, आणि नसला तर वर्णनात सापडतो. तो वहीत उतरवून घ्या, पुढे मॉडेल शोधतानाही कामाला येतो.

२. तो कशासाठी काढला होता, हे शोधा

ही पायरी कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

१९७९ ची मूळ मालिका ५२ भागांची ठरली होती. प्रेक्षक कमी पडले, खेळणी विकणारा प्रायोजक नाराज झाला आणि मालिका ४३ भागांतच गुंडाळावी लागली. जानेवारी १९८० मध्ये ती संपली. त्याच वर्षी जुलैमध्ये बांदाई या खेळण्यांच्या कंपनीने १/१४४ प्रमाणातलं पहिल्या गंडमचं मॉडेल ३०० येनला बाजारात आणलं. पुनःप्रक्षेपणं आणि ही मॉडेलं यांनी मिळून मालिकेला दुसरा जन्म दिला. या मॉडेलांना 'गनप्ला' म्हणतात. १९८३ मध्ये बांदाईने 'एमएसव्ही' ही माळ काढली. पडद्यावर कधीच न दिसलेल्या, पण त्या युद्धात असू शकल्या असत्या अशा यंत्रांची ही मॉडेलं होती. म्हणजे आधी मॉडेल आणि मग त्याची गोष्ट, अशी उलटी वाट तेव्हापासूनच पडली. पुढे १९९४ मध्ये मालिका बनवणारा सनराइज हा स्टुडिओच बांदाईच्या छत्राखाली आला.

त्यामुळे गंडममध्ये विक्री आणि गोष्ट वेगळी काढता येत नाही, आणि काढायची गरजही नाही. छोटा पट बघायच्या आधी एवढंच विचारा: हा मॉडेलसाठी आहे, एखाद्या वर्धापनदिनासाठी आहे, नव्या मालिकेची वाट तयार करायला आहे, की गेमसाठी? उत्तर मिळालं की त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते आपोआप कळतं.

मॉडेलसाठी काढलेल्या पटात यंत्राची ओळख करून देणं हेच काम असतं. 'सीड'च्या काळातला 'स्टारगेझर' घ्या. २००६ साली बांदाईच्या ऑनलाइन वाहिनीवर साधारण १५ मिनिटांचे तीन भाग आले. त्यातल्या स्ट्राइक न्वार या काळ्या यंत्रावर नजर ठेवा. दोन छोट्या बंदुका, दोन तलवारी, पंखांतल्या तोफा, हातापायांतून सुटणारे दोर. लढाईत यातलं काय कधी बाहेर येतं ते मोजत जा. आता तीच लढाई थांबवत थांबवत पुन्हा बघा. तलवार पाठीवरून कशी निघते, पंख किती अंशात उघडतात, पाय कुठे वळतो, हे दाखवायला कॅमेरा मुद्दाम एक क्षण रेंगाळतो. मॉडेल जोडणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. पण हे करता करता तीन छोट्या भागांत त्यांनी एक खरी शोकगंभीर गोष्ट उभी केली आहे. स्वेन नावाचा सैनिक, सेलीन नावाची संशोधक, आणि युद्धासाठी नाही तर दूरच्या अवकाशाचा शोध घ्यायला बनवलेलं एक यंत्र. माझ्या मते गंडमच्या छोट्या पटांत याच्या तोडीचं दुसरं नाही.

वर्धापनदिनाचे पट वेगळे. २००९ मध्ये मालिकेला ३० वर्षं झाली तेव्हा तोक्योच्या ओदाइबा भागात १८ मीटर उंचीचा गंडम उभा राहिला आणि त्याच उन्हाळ्यात तोमिनोंचा 'रिंग ऑफ गंडम' हा जेमतेम पाच मिनिटांचा पट दाखवला गेला. तो पुढे कुठे जाणार याची वाट बघत बसू नका. तो एक नजराणा आहे, सोहळ्यासाठी केलेला. तसाच बघा.

नव्या मालिकेची वाट तयार करणारे पट मात्र टाळून चालत नाहीत. 'विच फ्रॉम मर्क्युरी'चा 'प्रोलॉग' जुलै २०२२ मध्ये, मालिकेच्या आधी दाखवला गेला. प्रसिद्धीचाच भाग म्हणून पुष्कळांनी तो सोडून दिला आणि ऑक्टोबरमध्ये थेट पहिल्या भागापासून सुरुवात केली. असं करू नका. एका लहान मुलीच्या वाढदिवशी जे घडतं, त्याशिवाय पुढच्या मालिकेतल्या आईचं वागणं नीट पोचतच नाही.

३. पहिली पावलं 'बिल्ड' घराण्यात टाका

नवख्याला मी नेहमी इथेच पाठवतो. कारण सरळ आहे: इथे शेकडो वर्षांचा काल्पनिक इतिहास पाठ असावा लागत नाही. मॉडेल बनवणारी मुलं आहेत, त्यांच्या स्पर्धा आहेत, बस.

सुरुवात 'गनप्ला बिल्डर्स बिगिनिंग जी' पासून करा. २०१० मध्ये गनप्लाला ३० वर्षं झाली म्हणून काढलेले हे तीन छोटे भाग. हारू इरेई नावाचा मुलगा मॉडेलांच्या नादाला कसा लागतो, एवढीच गोष्ट. आधीचं काहीही बघितलेलं नसलं तरी चालतं. मॉडेलांच्या लढायांची कल्पना मात्र याहून जुनी आहे. १९८२ पासून मुलांच्या मासिकात आलेल्या 'प्लामो क्योशिरो' या चित्रकथेत ती होतीच, आणि त्यातल्या 'परफेक्ट गंडम'चं खरं मॉडेलही पुढे निघालं.

त्यानंतर मात्र छोट्या पटांकडे लगेच वळू नका. आधी 'गंडम बिल्ड फायटर्स' ही २०१३-१४ ची २५ भागांची मालिका पूर्ण बघा. सेई इओरी मॉडेल बनवण्यात पटाईत आणि लढवण्यात कच्चा, रेजी लढवय्या पण मॉडेलांतलं त्याला काही कळत नाही. ही जोडी आवडली की पुढचा क्रम असा ठेवा:

- 'बिल्ड फायटर्स ट्राय' (२०१४-१५, २५ भाग) आणि त्याला जोडून २०१६ चा विशेष भाग 'आयलंड वॉर्स'
- 'जीएम्स काउंटरअटॅक' (२०१७). वयात आलेल्या जुन्या पात्रांची पुन्हा भेट
- 'बॅटलॉग' (२०१७, पाच छोटे भाग). मालिकेत कधी न झालेल्या लढती इथे लावून दिल्या आहेत
- 'बिल्ड डायव्हर्स' (२०१८, २५ भाग) आणि 'रीराइज' (२०१९-२०, २६ भाग)
- 'ब्रेकर बॅटलॉग' (२०२१). हा मोबाइल गेमशी जोडलेला, पात्रं वेगळी. मध्ये कधीही बघा
- 'बिल्ड मेटाव्हर्स' (२०२३, तीन भाग). 'बिल्ड फायटर्स'च्या १० वर्षांनिमित्त काढलेला

शेवटचा तो खरोखर शेवटीच ठेवा. नायक रिओ नवा आहे, पण आधीच्या सगळ्या मालिकांतले चेहरे एकेक करून येतात. त्यांची ओळख नसेल तर ती नुसती गर्दी वाटते. ओळख असेल तर प्रत्येक एंट्रीला शिट्टी मारावीशी वाटते. असंच 'बिल्ड फायटर्स'मधल्या मिस्टर राल यांचं. १९७९ च्या मालिकेतल्या रांबा राल या सेनानीशी त्यांचं हुबेहूब साम्य आहे, आणि मूळ मालिका बघून परत आलात की त्यांचा प्रत्येक प्रसंग दुप्पट खुलतो.

४. मग 'सीड'च्या आडवाटेला लागा

'सीड'च्या भोवती एमएसव्हीच्याच धर्तीवर 'अ‍ॅस्ट्रे' नावाची उपकथा वाढली. 'सीड'मध्ये हेलिओपोलिस नावाच्या ज्या अंतराळ वसाहतीवर हल्ला होतो, तिथेच गुपचूप बनवलेली आणखी काही यंत्रं होती, ही तिची कल्पना. भंगार गोळा करणारा लोव गेल त्यातलं लाल यंत्र उचलतो, गाय मुराकुमो हा भाडोत्री सैनिक निळं. ही सगळी गोष्ट प्रामुख्याने चित्रकथांतून सांगितली गेली. पडद्यावर तिचे दोन छोटे प्रसिद्धिपट आले. लाल यंत्र 'गर्बेरा स्ट्रेट' ही कटाना उपसून लढतं ते बघायलाच हवं. किरणांच्या तलवारी चालवणाऱ्या यंत्रांत हा एकटाच पोलादी पात्याची तलवार घेऊन उतरतो, आणि तलवार नीट चालवायची तर आधी ती चालवण्याची विद्या शिकावी लागते, हे लोवला शिकावं लागतं.

पूर्वतयारी किती? 'अ‍ॅस्ट्रे'साठी 'सीड'चे पहिले तीन-चार भाग पुरतात. हेलिओपोलिसवर काय घडलं एवढं माहीत असलं की झालं. 'स्टारगेझर'साठी मात्र 'सीड' पूर्ण आणि 'सीड डेस्टिनी'चे पहिले सात-आठ भाग बघितलेले बरे. त्यात पृथ्वीवर कोसळणाऱ्या वसाहतीचा जो प्रसंग आहे, 'स्टारगेझर' तिथूनच सुरू होतो. 'सीड' मुळात ५० भागांची. नंतरच्या एचडी आवृत्तीत उजळणीचे भाग काढून ती ४८ वर आणली आहे. दोन आवृत्त्यांत भागांचे क्रमांक जुळले नाहीत तर गोंधळू नका.

५. 'इव्हॉल्व्ह' सगळ्यात शेवटी

२००१ पासून बांदाईने 'गंडम इव्हॉल्व्ह' नावाने १५ लघुपट काढले. बहुतेक संगणकीय चित्रणातले, प्रत्येकात वेगळं यंत्र. एकात पहिला गंडम, दुसऱ्यात प्रचंड डेंड्रोबियम, पुढे गॉड गंडम, स्ट्राइक, न्यू गंडम. दिसायला हे सगळ्यात आकर्षक, म्हणून नवे लोक इथेच उडी मारतात आणि गळ्यापर्यंत बुडतात. प्रत्येक लघुपट त्या त्या मालिकेचा चाहता गृहीत धरून केला आहे. कोणी कोणाला समजावून सांगत नाही.

इथे एक मोठी खोच आहे. न्यू गंडमचा भाग 'शार्स काउंटरअटॅक'मधल्याच लढाईकडे परत जातो, पण घटना वेगळं वळण घेतात. चित्रपट न बघता हा भाग बघितला तर चित्रपटाचा कणा कळून बसतो, आणि वर जे कळलं तेही चित्रपटातलं नसतं. तेव्हा चित्रपट आधी, काही झालं तरी. आणि दोन्ही बघून झाल्यावर 'खरं काय घडलं' याचा वाद घालत बसू नका. तोच क्षण दुसऱ्या रीतीने घडला असता तर, एवढंच त्याला म्हणायचं आहे, आणि ते मला पुरेसं सुंदर वाटतं.

क्रमाने पंधराच्या पंधरा बघायचा अट्टहासही सोडा. जी मालिका संपवाल, तिच्या यंत्राचा लघुपट तेव्हा काढा.

६. बघायचं कुठे

गंडमइन्फो वाहिनीवर पुष्कळ गोष्टी फुकट आणि अधिकृतपणे बघता येतात. 'रीराइज' तर तिथेच प्रदर्शित झाली होती. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. कुठला व्हिडिओ कुठल्या देशात चालेल हे बदलत राहतं, आणि काही गोष्टी ठरावीक मुदतीपुरत्याच ठेवतात. यादीतलं काही दिसलं की 'नंतर बघू' म्हणून सोडू नका.

शोधताना चाहत्यांनी जोडून बनवलेले व्हिडिओही 'लघुपट' या नावाखाली भेटतात. काही इतके सफाईदार असतात की पाच भागांतली दृश्यं एका लढाईत शिवलेली आहेत हे कळतही नाही. वाहिनीचं नाव तपासा. आणि १५ किंवा ३० सेकंदांची दूरचित्रवाणीवरची जाहिरात वेगळी, प्रसिद्धिपट वेगळा. पहिलीत नवं काही घडत नाही.

७. मॉडेल घ्यायचा मोह झाला तर

होणारच, कारण हे पट त्यासाठीच आहेत. त्यात वावगं काही नाही, फक्त डोळे उघडे ठेवा.

खोक्यावरची अक्षरं आधी वाचा. एचजी म्हणजे 'हाय ग्रेड' ही मॉडेलांची श्रेणी, आणि पुढची अक्षरं घर सांगतात. एचजीयूसी म्हणजे युनिव्हर्सल सेंच्युरी, एचजीसीई म्हणजे सीड, एचजीबीएफ म्हणजे बिल्ड फायटर्स, एचजीबीडी म्हणजे बिल्ड डायव्हर्स. मग प्रमाण बघा. १८ मीटरचा गंडम १/१४४ मध्ये साडेबारा सेंटीमीटरचा होतो, १/१०० मध्ये १८ आणि १/६० मध्ये ३०. पहिलं मॉडेल १/१४४ चं एचजी किंवा त्याहून सोपं 'एंट्री ग्रेड' घ्या. १/६० चं परफेक्ट ग्रेड बघून भुलू नका, ते कपाटात अर्धवट पडून राहतं.

छोट्या पटांतली बरीच यंत्रं दुकानात येतच नाहीत. बांदाईच्या ऑनलाइन दुकानात मर्यादित काळ नोंदणी घेऊन ती विकली जातात, आणि नंतर दुसऱ्या हाताने घ्यायची तर किंमत दुप्पट-तिप्पट सांगतात. म्हणून आधी शोधा, मग मन गुंतवा. भारतात मागवताना वाहतूक आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा. किंमत संशय यावा इतकी कमी असेल तर माल नकली असतो. त्याचे सांधे सैल बसतात आणि नव्या माणसाला वाटतं आपल्यालाच जोडता येत नाही.

जोडायला डिंक लागत नाही, भाग एकमेकांत घट्ट बसतात. चौकटीतून भाग सोडवताना मात्र एका दणक्यात कापू नका. आधी थोडं बोटूक ठेवून लांबून कापा, मग भाग हातात घेऊन ते बोटूक अंगालगत कापा. थेट अंगालगत कापलं की प्लास्टिक ताणलं जाऊन पांढरा डाग पडतो, आणि गडद रंगावर तो फार उठून दिसतो. स्ट्राइक न्वार घेणार असाल तर हे विशेष सांभाळा, ते मॉडेल जवळजवळ सगळंच काळं आहे.